भोंग्याला उचकी लागली तो दिवस

मित्रांनो, मी भोंगा. साखर कारखान्याचा. अंगाने पितळेचा, वयाने तुमच्या पणजोबांच्या बरोबरीचा, आणि आता कायमचा गप्प. तुकिरान नावाच्या एका माणसाने मला एकदा अगदी बरोबर वाजवलं आणि गावाने त्याला जन्मभर चूक ठरवलं. तेवढंच सांगायचंय मला. बाकीचं सांगेन, पण ते ओघात.

माझा जन्म समुद्रापलीकडे, हॉलंडातल्या एका ओतशाळेत झाला. जहाजात घालून मला जावा बेटावर आणलं, सुराबाया बंदरात उतरवलं आणि आगगाडीने वुंगुरेजोला पाठवलं. तेव्हा तिथे गोऱ्या साहेबांचं राज्य होतं. भाताची शेतं काढून घेऊन त्यात ऊस लावला होता, आणि ज्यांची शेतं होती तेच ऊस तोडायला यायचे. मला बॉयलरघराच्या माथ्यावर बसवलं, खाली साखळी सोडली आणि कुणीतरी ती ओढली. माझा पहिला आवाज ऐकून गावातल्या म्हशी दावी तोडून पळाल्या. माणसं होती तिथेच उभी राहिली. म्हशी शहाण्या होत्या असं मला पुढे बऱ्याचदा वाटलं.

वुंगुरेजो हे एवढंसं शहर. पूर्वेला ब्रांतास नदी, दूध कमी पडलेल्या चहाच्या रंगाची. पश्चिमेला विलिस डोंगर, तो तर शहराच्या मानेवरच बसलाय. मधे मोठा चौक, चौकात वडाची दोन झाडं, चौकाच्या कडेला मशीद. मग बाजार, मग स्टेशन, आणि सगळ्यात दक्षिणेला आम्ही, म्हणजे कारखाना, चिमणी आणि कामगारांच्या घरांच्या रांगा. विलिसचं एक लक्षात ठेवा. दुपार कलली की सूर्य त्याच्या मागे जातो. बुडत नाही, नुसता लपतो. गावावर सावली पडते, कोंबड्या खुराड्यात शिरतात, पण खरा सूर्यास्त व्हायला अजून बराच अवकाश असतो. तो खरा सूर्यास्त वुंगुरेजोत कुणीच कधी डोळ्यांनी पाहिलेला नाही.

मग जपानी आले. त्यांना तोफांसाठी पितळ पाहिजे होतं. कामगारांनी मला गुपचूप उतरवलं आणि माशांच्या तळ्यात बुडवून ठेवलं. चिखलात, मागुर माशांच्या शेजारी. मला खांद्यावरून नेणाऱ्यांत तुकिरानही होता, तेव्हा मिसरूडही नीट फुटलं नव्हतं त्याला. जपानी गेले, देश स्वतंत्र झाला आणि मला बाहेर काढून राखेने घासलं. माझ्या नळ्यांतून शेवाळ निघालं. मी पुन्हा वाजलो तेव्हा बायका रडल्या, म्हातारे रडले. कौतुक काय असतं ते मी तेव्हा अनुभवलं. खोटं कशाला बोलू, मला फार आवडलं ते.

पुढे एक वर्ष असंही आलं की गावातली माणसं घरातून उचलली गेली आणि परत आलीच नाहीत. ब्रांतासच्या पाण्याकडे लोक बघेनासे झाले. मी त्या वर्षीही रोज वेळेवर वाजलो. त्याबद्दल वुंगुरेजोत कुणी बोलत नाही. न बोलणं या गावाला फार चांगलं जमतं. इथे कुणी मोठ्याने भांडत नाही, तोंडावर वाईट बोलत नाही. हसतात, मान झुकवतात, "मोंगो, मोंगो" म्हणतात. मोंगो म्हणजे या, बसा, घ्या. घास तोंडात घालण्याआधी रस्त्याने जाणाऱ्याला मोंगो म्हटलं नाही तर ती आयुष्यभराची लाज. गोड गाव आहे. साखरेचंच आहे.

तर तुकिरान मोठा झाला आणि माझ्या साखळीचा माणूस झाला. पाळी बदलली की एक लांब भोंगा. आग लागली, अपघात झाला की तीन आखूड, थांबायचं, पुन्हा तीन आखूड. ते ऐकलं की कंपाउंडरने सायकल काढायची, ट्रकवाल्याने ट्रक काढायचा आणि गावाने धावत यायचं. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

आणि रमजानात एक काम आणखी. गाळपाचा हंगाम आणि रमजान एकत्र आले की रोजा सोडायची वेळ मी सांगायचो. सूर्य तर दिसत नाही. मग मोठ्या मशिदीच्या गच्चीवर बांग देणारे म्हातारबाबा घड्याळ बघून हिरवा कंदील लावायचे. झाडांच्या वरून तो फक्त माझ्याखालच्या मचाणावरून दिसायचा, जिथे तुकिरान साखळी धरून उभा असायचा. कंदील लागला की तुकिरान साखळी ओढायचा, एक लांबच लांब भोंगा. तो ऐकून गल्लीगल्लीतल्या छोट्या मशिदींचे ढोल वाजायचे, पोरं बांबूच्या तोफा उडवायची, आणि अख्खं वुंगुरेजो एकदम पहिला घोट घ्यायचं. मला वरून दिसायचं. दारादारात माणसं पेला हातात धरून बसलेली, मान वर, डोळे माझ्याकडे. राजाकडेसुद्धा कुणी असं बघत नसेल. पण इतक्या वर्षांची सवय. पूर्ण भोंगा कोण ऐकतं? नुसतं 'भों' कानावर पडलं की पेला ओठाला.

माझ्या खाली बॉयलरवर जुमादी होता. तुकिरानचा शेजारी, वयाने बराच लहान, तोंडाने बराच मोठा. तुकिरानला तो 'कांग' म्हणायचा, म्हणजे दादा. रमजानात रोज संध्याकाळी या दोघांचं ठरलेलं असायचं.

"कांग, डोंगराने सूर्य गिळला बघ. ओढ की आता!"

"गिळलाय, पचवला नाही अजून. भट्टी बघ तू."

"घशात वाळू झालीये माझ्या. जरा अलीकडे ओढलंस तर आभाळ पडतंय का?"

"तुझ्या एकट्याच्या घशासाठी गावाचा रोजा मोडू होय? उद्या म्हणशील सासू येतेय, आजच ईद कर."

"सासू आली तर ईद कसली, कांग? तेव्हा तर उपासच बरा."

खालचे सगळे हसायचे. जुमादी चिपाडं भट्टीत लोटत स्वतःही हसायचा. हे बोलणं सगळ्यांनी ऐकलेलं होतं. पुढे त्याचा काय उपयोग झाला ते सांगतोच.

त्या वर्षी तीन नंबरच्या बॉयलरची एक नळी पाझरत होती. हार्तोयो साहेब, म्हणजे कारखान्याचे मॅनेजर, फेरीवर आले तेव्हा जुमादी म्हणाला, "साहेब, तीन नंबरला घाम फुटलाय."

"एवढ्या उकाड्यात तुला नाही का फुटत, जुमादी?"

"मला फुटला तर पुसता येतो साहेब. तिचा पुसायला गेलं तर हात जाईल."

साहेबही हसले. वाईट माणूस नव्हता तो. घाबरट होता. "गेटवर बघ किती गाड्या उभ्यात उसाच्या. आत्ता बॉयलर विझवला तर ऊस वाळेल, शेतकरी मला सोलतील. ईदची सुट्टी लागू दे, नळी बदलू."

जुमादीने मान डोलावली. गावाची रीत.

त्या संध्याकाळी तुकिरान मचाणावर उभा होता. डोंगराची सावली पडून झाली होती. कंदील अजून लागला नव्हता. कंपाउंडर रोजा सोडायला घरी गेला होता, ट्रकवालाही. दारादारात पेले भरलेले. नारळाच्या दुधात गूळ घालून शिजवलेल्या केळ्यांचा वास माझ्यापर्यंत येत होता. खालून जुमादीने हाक मारली, "कांग, कंदील लावणारे बाबा झोपले का रे?" तुकिरान काहीतरी उत्तर देणार, तेवढ्यात नळी फुटली.

मित्रांनो, वाफ म्हणजे तुम्ही भाताच्या भांड्यावर बघता ती नव्हे. ती दिसतसुद्धा नाही. नुसता आवाज येतो आणि समोरचा माणूस राहत नाही. जुमादी समोर होता.

तुकिरानने वरून पाहिलं आणि साखळी ओढली. तीन आखूड. थांबला. पुन्हा तीन आखूड. शिकवलं होतं अगदी तसं. त्याचा हात थरथरत नव्हता, मला ठाऊक आहे, साखळी माझ्याच गळ्याला होती.

पण पहिल्या 'भों'लाच अख्ख्या गावाने पाणी प्यायलं.

गल्लीतले ढोल सुरू झाले. त्यामागे बांबूच्या तोफा. त्यामागे बांग, एका मशिदीतून, मग दुसऱ्या, मग सगळ्या. त्या गोंधळात मी ओरडत होतो. तीन आखूड, तीन आखूड. लोकांना ऐकू येत नव्हतं असं नाही. बाजारात भजी विकणारी यात्मी काकू पेला खाली ठेवून म्हणाली, "अगंबाई, आज भोंग्याला उचकी लागली!" तिच्याकडचं सगळं गिऱ्हाईक हसलं. ते पुढच्या दुकानात गेलं, तिथून पुढच्या. क्षणात अख्ख्या बाजारात तो विनोद पसरला. "पाणी पाजा रे भोंग्याला! त्याचाही रोजा होता!"

मोठ्या मशिदीच्या गच्चीवर ते म्हातारबाबा एका हातात न पेटवलेला कंदील आणि दुसऱ्या हातात काडी घेऊन उभे होते. घड्याळाकडे बघत होते, माझ्याकडे बघत होते. गावात तेवढे एकटेच हसत नव्हते. नाही, आणखी एक होती. ती पुढे येईल.

कंपाउंडर आला नाही. ट्रक आला नाही. शेवटी बॉयलरवरच्या चौघांनी जुमादीला ओल्या गोणपाटात गुंडाळून पोत्यांच्या ढकलगाडीवर घातलं आणि दवाखान्याकडे धावत सुटले. दवाखाना बाजाराच्या पलीकडे. मला सगळा रस्ता दिसत होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चटया टाकून माणसं जेवत होती. आणि ज्या ज्या दारावरून गाडी गेली त्या त्या दारातून माणसं हसून, हात पुढे करून म्हणाली, "मोंगो, मोंगो! या, घोटभर घ्या आधी!"

"बाजूला व्हा!" गाडीवाले ओरडत होते.

"अरे, साखर कुठे पळून जातेय?" यात्मी काकूने भज्यांचं ताट पुढे केलं. "रोजा तर सोडा!"

गोणपाटाखाली काय आहे ते कुणी विचारलं नाही. आमच्या गावात विचारत नाहीत. बोलावतात.

तीन नंबरची वाफ उतरत गेली तसा माझा आवाज बसत गेला. शेवटी नुसती फुस्स हवा. तुकिरान तरीही साखळी ओढत राहिला. जुमादी दवाखान्याच्या पायरीपर्यंत पोचला नाही.

रात्र व्हायच्या आत गावाला दोन गोष्टी कळल्या. एक, जुमादी गेला. दोन, भोंगा सूर्यास्ताच्या आधी वाजला होता, म्हणजे गावाचा रोजा मोडला. खरं सांगा, मित्रांनो, यातली कुठली गोष्ट जास्त बोलली गेली असेल?

मोठ्या मशिदीतल्या म्हाताऱ्या इमामांनी शुक्रवारी सरळ सांगितलं. "चुकून मोडला, पाप नाही. ईदनंतर एक रोजा जास्त धरा, भरून निघेल. आता जुमादीचं कसं भरून काढता ते मला सांगा." लोकांनी माना डोलावल्या आणि घरी जाताना पहिलं अर्धंच सोबत नेलं. एक रोजा जास्त. कुणामुळे? तुकिरानमुळे.

त्याला कुणी शिवी दिली नाही. तेवढं बरं झालं असतं. शिवीला उत्तर देता येतं. यात्मी काकू गोड हसून म्हणायची, "कांग, घड्याळ दुरुस्तीला टाकलं का?" न्हावी दाढी करता करता म्हणायचा, "तुमचं बरंय, तहान लागली की साखळी ओढली!" आणि मग कुणाला तरी जुमादीचं ते रोजचं बोलणं आठवलं. "जरा अलीकडे ओढ, कांग." झालं. म्हणजे या दोघांचं आधीच ठरलेलं होतं! मेलेल्या माणसाची थट्टा त्याच्याच विरुद्ध साक्षीला उभी केली गावाने. तुकिरान सांगायचा, "अहो, ती अपघाताची खूण होती. तीन आखूड. तुम्ही ऐकलं नाही का?" लोक मान झुकवून म्हणायचे, "हो हो, कांग, असेल." 'असेल' या शब्दाने माणूस मरतो. मी वरून बघितलंय.

त्याला एकच गोष्ट हवी होती. गावाने एकदा म्हणावं, त्या दिवशी जे वाजलं ती जुमादीसाठी मारलेली हाक होती. बस. माफी नको, कौतुक नको.

ईद तोंडावर आली तेव्हा हार्तोयो साहेब मचाणावर चढून आले. धाप लागली होती. त्यांनी खिशातून लवंगेची सिगारेट काढली, एक तुकिरानला दिली. रोजा होता, दोघांनीही पेटवली नाही. नुसती बोटात धरली.

"तुकिरान, गाव दुखावलंय रे."

"गाव दुखावलंय साहेब. जुमादी मेलाय."

साहेबांनी विलिसकडे तोंड फिरवलं. मग म्हणाले, "वरून चौकशीला माणसं येतायत. बॉयलर जुना निघाला तर कारखान्याला कुलूप. भर हंगामात. मग हेच गाव कुणाच्या नावाने खडे फोडेल? जुमादीच्याच."

"काय म्हणायचं ते म्हणा साहेब."

"ईदच्या मेळाव्यात माइकवर एवढंच म्हण, माझा हात घसरला. लोक माफ करतील. सण असतो, माफ करायलाच येतात. साखळी तुझीच राहील."

"आणि नाही म्हटलं तर?"

साहेबांनी खाली घरांच्या रांगेकडे पाहिलं. शेवटून दुसरं घर जुमादीचं. त्याची बायको पोनिरा अंगणात धाकटीला न्हाऊ घालत होती. "ते घर कामगाराचं आहे, तुकिरान. कामगार राहिला नाही. मयताला चाळीस दिवस झाले की रिकामं करायला लावतात, मी नाही, नियम लावतो. दोन लेकरं घेऊन कुठे जाईल ती? तू एवढं केलंस तर ते घर तिचं. मी शब्द देतो. फक्त तिला यातलं काही कळता कामा नये. कुणालाच."

साहेब उतरून गेले. मला वाटलं, तुकिरान नाही म्हणेल. मला त्याची खात्री होती. माझा आवाज शेवटी त्याच्याच हातात होता.

ईद आली. कारखान्याच्या पटांगणात मांडव घातला. माडाच्या पात्यांच्या विणलेल्या पुड्यांत शिजवलेला भात, कोंबडीचा रस्सा, नवे कपडे, अत्तर. आमच्याकडे ईदला सगळे एकमेकांची माफी मागतात. रांगेने उभं राहायचं, एकेकाच्या हातांना हात लावायचे आणि म्हणायचं, "वरचं आणि आतलं, दोन्ही माफ करा." धाकट्याने थोरल्यापुढे वाकायचं. त्या दिवशी माफी मागितली नाही, किंवा दिली नाही, असं वुंगुरेजोत कधी झालेलं नाही.

पोनिराही आली होती. दोन्ही पोरींना घेऊन मागे उभी होती. तिला कुणीतरी सांगितलं होतं की आज तुकिरान माइकवर बोलणार आहे. ती खरं ऐकायला आली होती. नवऱ्यासाठी.

तुकिरान माइकपुढे उभा राहिला. एकदा वर, माझ्याकडे बघितलं. मग खाली.

"त्या दिवशी," तो म्हणाला, "माझा हात घसरला."

पटांगणात एकच सुस्कारा सुटला. समाधानाचा. बायकांनी डोळ्याला पदर लावले. आणि साहेबांनी पुढे होऊन माइक घेतला. ठरलं नव्हतं ते बोलले. "माणूस आहे, चूक होते. भोंगा आधी वाजला, आपला जुमादी पाणी प्यायला उठला, बॉयलरकडे लक्ष राहिलं नाही. देवाची इच्छा. आज सगळं माफ करू या."

तुकिरान वळला साहेबांकडे. तोंड उघडलं त्याने. मग मांडवाच्या मागच्या बाजूला नजर गेली, त्या दोन पोरींवर, आणि ते तोंड मिटलं. मित्रांनो, मी लाखो वेळा वाजलो असेन. त्या क्षणी एकदा वाजता आलं असतं तर बाकीचे सगळे मी परत केले असते.

मग रांग लागली. सगळं गाव तुकिरानला माफ करायला आलं. यात्मी काकू तर हुंदके देत होती. "कांग, मी बोलले काहीबाही, तुम्हीही माफ करा." न्हाव्याने त्याला मिठी मारली. किती मोठ्या मनाचे आहोत आपण, असं प्रत्येकाच्या चेहऱ्यावर होतं. शेवटी पोनिरा आली.

तिने हात पुढे केले नाहीत.

"कांग," ती म्हणाली, "त्या दिवशी मी चुलीपाशी होते. हातात पेला होता. तीन आखूड वाजले. मग पुन्हा तीन. मी पेला खाली ठेवला आणि अनवाणी पळत सुटले. मला तर नीट ऐकू आलं होतं."

तुकिरानने आपले हात पुढे केले.

"अख्ख्या गावात मला एकटीला तुमचा भोंगा कळला होता, कांग. आणि तुम्ही म्हणता हात घसरला. ते म्हणतात माझा नवरा पाणी प्यायला उठला. त्याच्या तोंडात पाण्याचा थेंब नव्हता. मी धुतलंय ते तोंड."

"पोनिरा, वरचं आणि आतलं..." तुकिरान कसाबसा म्हणाला. वयाने तो थोरला, तरी तोच वाकला.

"वरचं माफ," ती म्हणाली. पोरींचे हात धरले आणि निघून गेली. मागे कुजबुज सुरू झाली. सणाच्या दिवशी! एवढी आढ्यता! आणि वहाणा घालता घालता लोकांनी ठरवून टाकलं की पोनिरा कडू जिभेची बाई आहे.

सुट्टी संपली, नळी बदलली, हंगाम पुन्हा सुरू झाला. पहिल्या दिवशी तुकिरानची बायको रुमिनी डबा घेऊन मचाणावर आली. ती क्वचितच वर यायची.

"अहो, तिला सांगून टाका ना खरं काय ते. घरासाठी केलंत म्हणावं."

"सांगितलं तर?"

"तर काय? निदान तुम्हाला शिव्या तरी घालणार नाही."

"सांगितलं तर दुसऱ्या दिवशी बोचकं बांधून निघून जाईल. मी ओळखतो तिला. नवऱ्याच्या नावाला बट्टा लावून मिळालेल्या छपराखाली ती एक दिवस राहायची नाही. मग मी बोललो ते कशासाठी?"

रुमिनीने डबा उघडला. दोघंही जेवले नाहीत.

साहेबांनी शब्द पाळला, हेही सांगायला हवं. घर पोनिराचं राहिलं. साखळी तुकिरानची राहिली. पण त्याने ती घेतली नाही. खुंटीला गुंडाळून ठेवली आणि खाली गोदामात पोती शिवायचं काम मागून घेतलं. मला दुसरे कुणी कुणी ओढायला लागले. पाळीचा भोंगा झाला की गोदामाच्या दारात तुकिरानची सुई थांबायची. मग पुन्हा चालायची. पुढे विजेचा सायरन आला, बटण दाबलं की बोंबलणारा. मला कुणी कापडाने पुसेनासं झालं. माझ्या तोंडात गांधीलमाश्यांनी घर केलं. केलुदचा ज्वालामुखी फुटला तेव्हा अंगावर राख बसली, ती तशीच राहिली. मग कारखानाच बंद पडला. बॉयलरघरात आता कॉफीचं दुकान आहे. मी गल्ल्यामागच्या भिंतीवर टांगलेलो असतो. शहरातली पोरंपोरी येतात, आणि दुकानवाला त्यांना भोंग्याच्या उचकीची गोष्ट रंगवून सांगतो. एकदा ना आमच्या गावाने दिवसाढवळ्या रोजा सोडला होता! सगळे खो खो हसतात. गोष्टीत जुमादी नसतो.

पोनिरा आणि तुकिरान शेवटपर्यंत शेजारी राहिले. मधे एक कुंपण, कुंपणावर जास्वंद. तिच्या छपराची कौलं फुटली की ती घरी नसताना तुकिरान शाकारून यायचा. तिला वाटायचं कारखान्याची माणसं येऊन गेली. समोरासमोर आले तर ती मान झुकवायची. मोंगो म्हणायची नाही.

तुकिरान म्हातारा होऊन गेला. त्याच्या मयतीला सगळं गाव लोटलं. "भला माणूस," लोक म्हणाले, "आयुष्यात एकदाच चुकला." पोनिराचं दार बंद होतं. मी अजून भिंतीवर चढलो नव्हतो, वरच होतो, म्हणून तेही मला बघावं लागलं.

मित्रांनो, मला पुसू नका, पॉलिश करू नका. माझ्याजवळ उभं राहून फोटो काढायचा तर काढा. पण कधीतरी अवेळी काहीतरी वाजेल. शेजारच्या घरात भांडं पडेल, एखादी हाक अर्ध्यातच तुटेल, कुणी भलत्याच वेळी दार ठोठावेल. तुमच्या हातात तेव्हा पेला असेल, तहानही लागलेली असेल. ते तुमच्यासाठीच वाजलं असं लगेच समजू नका. पेला खाली ठेवा. पूर्ण ऐका. वुंगुरेजोत एका बाईने ठेवला होता.